ओळख पटेपर्यंत

पंखे फिरत असतात. प्रोसेसरवरचा फिरतो, कॅबिनेटच्या मागचा फिरतो, ग्राफिक्स कार्डावरचेही फिरतात. माउसच्या पोटातला लाल दिवा लागलेला असतो. हार्ड डिस्कवर हात ठेवला तर आत काहीतरी गरगरतंय हे बोटांना कळतं. पडदा मात्र काळा. मॉनिटर थोडा वेळ 'नो सिग्नल'ची पाटी दाखवतो आणि मग तोही मिटतो. कॉम्प्युटर पार बंद पडला असता तर एक वेळ मन समजून घेतं. हा बंद नाही. वीज घेतोय, तापतोय, वारा घालतोय, बोलत तेवढा नाही. दुरुस्तीच्या दुकानांतून या अवस्थेसाठी एकच वाक्य ऐकू येतं : 'मशीन ऑन होतंय, डिस्प्ले येत नाही.'

बहिणीच्या मुलाने फोनवर हेच वाक्य उच्चारलं, तेही 'हॅलो'च्या आधी. तो अ‍ॅनिमेशन शिकतो. २०१७ सालचा बोर्ड, त्यावर त्याच सालचा रायझन ५ १६००. एकेक दृश्य रेंडर होताना रात्र सरायची, म्हणून त्याने पैसे साठवून २०२२ साली आलेला रायझन ५ ५६०० घेतला होता. जुना विकला, त्यात भर घातली. सॉकेट तोच, एएम४. बोर्डाच्या कंपनीच्या यादीतही या प्रोसेसरचं नाव होतं. "मावशी, सगळं नीट बसवलंय गं. फिरतंय सगळं, पण डिस्प्ले नाही. येतेस का?"

मी गेले. माझं काम अक्षरजुळणीचं. दिवाळी अंकांच्या दिवसांत मशीन अडलं की कुणाची वाट पाहत बसणं परवडायचं नाही, त्यामुळे पेचकस हाताशी ठेवायची सवय जुनीच आहे. शिवाय मला हे आवडतं. बंद मशीनपुढे मांडी घालून बसण्यात एक एकाग्रता आहे, जी मला पानांची मांडणी करतानाही मिळते आणि दुसऱ्या फारच थोड्या ठिकाणी.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे कमी करत जाणं. हार्ड डिस्कच्या वायरी काढायच्या, पुढच्या यूएसबीच्या काढायच्या. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकच ठेवायची, तिच्या सोनेरी कडा शाळेतल्या खोडरबराने हलकेच घासायच्या आणि फुंकर न मारता ब्रशने झटकायच्या. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर वर कोपऱ्यात असते, ती पुरती बसली आहे का ते दाबून पाहायचं. तरी नाहीच, तर गोल सेल काढून थोडा वेळ बाजूला ठेवायचा, म्हणजे बोर्डाला जुन्या सेटिंग्जचा विसर पडतो. सीआर२०३२ हे नाव घड्याळवाल्यालाही ठाऊक असतं. आणि शेवटी बोर्डच कॅबिनेटमधून बाहेर काढायचा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा आणि पेचकसाचं टोक दोन बारीक पिनांना टेकवून मशीन सुरू करायचं. बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, पडद्यासाठी कार्ड आणि वीज. इतकं सोलून काढलेलं मशीन पाहिलं की कळतं, बाकी सगळी सोय होती.

पंखा आणि हीटसिंक काढताना मी त्याला थांबवलं. जुन्या पद्धतीच्या या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. थर्मल पेस्ट थंड होऊन घट्ट धरली असेल आणि हीटसिंक सरळ वर ओढला, तर खटका लावलेला असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन थोडं तापू द्यायचं, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा, आतली पकड सुटल्याचं हाताला कळतं आणि मगच उचलायचा. पेस्टचा करडा थर टिपकागदाने पुसला, खटका वर केला, प्रोसेसर हातात घेतला. खाली १३३१ पिना. खिडकीशी जाऊन तो डोळ्यांच्या पातळीला आडवा धरला आणि उजेड ओळींमधून आरपार येतो का ते पाहिलं. एकही पिन वाकली असती तर त्या गल्लीत अडथळा दिसला असता. चारही बाजूंनी पाहिलं. सगळ्या गल्ल्या स्वच्छ होत्या. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून प्रोसेसर परत ठेवला, तेव्हा तो कसलाही जोर न लावता स्वतःच्या वजनाने आत उतरला. पोराने खरंच सगळं नीट बसवलं होतं.

बऱ्याच बोर्डांच्या कडेला चार इवलेसे दिवे असतात. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. सुरू होताना मशीन एकेक टप्पा पार करतं तसा एकेक दिवा लागून विझतो. ते इतकं भराभर होतं की एरवी तिकडे लक्षही जात नाही. आमच्याकडे पहिलाच दिवा लागला होता आणि विझत नव्हता.

बटण दाबणं आणि पडद्यावर काही उमटणं यांच्यामधला हा पट्टा मला नेहमी ओढून घेतो. तो आपल्याला दिसत नाही, कारण रोज सुरळीत पार पडतो. आधी पॉवर सप्लाय भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे प्रवाह करतो. ते स्थिर झाले याची स्वतःला खात्री पटेपर्यंत तो बोर्डाला थांबवून धरतो आणि मग एका वेगळ्या तारेवर इशारा देतो, की वीज चांगली आहे, सुरू करा. या थांबण्याला नियमाने एक दशांश ते अर्धा सेकंद दिलेला आहे. त्यानंतरही मोठा प्रोसेसर लगेच उठत नाही. एएमडीच्या या पिढ्यांमध्ये त्याच्याच पोटात एक छोटा, वेगळ्या घराण्याचा प्रोसेसर असतो, तो आधी जागा होतो. बोर्डावर आठ पायांची एक चिप असते, करंगळीच्या नखाहूनही लहान, तिच्यातून तो स्वतःसाठी लिहिलेल्या सूचना वाचतो, रॅमशी जुळवून घेतो, आणि मग मोठ्याला उठवतो.

मोठा उठतो तो कसा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. एक्स८६ घराण्यातला प्रोसेसर, कितीही नवा असो, डोळे उघडतो तेव्हा १९७८ सालच्या ८०८६ सारखा वागतो. सोळा बिटांचे हिशोब, एक एमबीच्या हद्दीतली शिस्त. पहिली सूचना शोधायची परंपरेने ठरलेली जागा चार जीबीच्या सीमेच्या फक्त सोळा बाइट अलीकडे असते. सोळा बाइटांत मावून मावणार काय? तिथे लिहिलेलं असतं, तिकडे जा. तो तिकडे जातो, आणि मग टप्प्याटप्प्याने आपलं आजचं वय गाठतो. सहा कोअर, चौसष्ट बिटं, सगळं नंतर. दर सकाळी, प्रत्येक टेबलावर, क्षणाच्या काही भागापुरतं १९७८ साल येऊन जातं. चाळीसहून अधिक वर्षं कुणीतरी ही वाट बुजू दिली नाही. एकेका पिढीच्या इंजिनियरांनी ती पुढच्यांच्या हाती दिली. मला त्या माणसांविषयी फार आदर वाटतो.

आमची अडचण त्याच्याही अलीकडे होती. त्या आठ पायांच्या चिपमधला मजकूर २०१७ सालचा होता. त्यात त्या वेळी असलेल्या प्रोसेसरांसाठी सूचना होत्या. ५६०० तेव्हा जन्मालाच आला नव्हता. त्याच्यातला छोटा प्रोसेसर जागा होऊन चिपकडे गेला, आपल्यासाठी काही लिहिलंय का ते पाहिलं, काही नव्हतं, आणि तो तिथेच थांबला. पडद्यावर 'हा प्रोसेसर माझ्या ओळखीचा नाही' एवढंही लिहिता आलं नाही, कारण लिहिण्यापर्यंत जाण्याची वाटच त्या ओळखीवरून जाते.

मग यात बिघडलं काय होतं? बोर्ड धडधाकट होता. प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर धावला असता. रॅम, कार्ड, वीज, सगळं ठीक. आपण नादुरुस्त वस्तूपुढे बसतो ते एक गुन्हेगार शोधायच्या तयारीने. हा भाग काढ, तो लाव, ज्याच्यापाशी गाडी अडेल तो दोषी. या पद्धतीने बऱ्याचदा भागतं. पण काही दोष कुठल्याच भागात राहत नाहीत, ते भागांच्या मधल्या जागेत असतात. एकाची पट्टी काळी एक, दुसऱ्याची काळी चार, दोघेही सुरात गाणारे, आणि एकत्र बसवले की मैफल जमत नाही. मधल्या जागेतला दोष शोधायला वेगळी नजर लागते. ती मला अजून पुरती आलेली नाही. माणसांच्या बाबतीत तर मुळीच नाही. दोन चांगली माणसं एका कामात जुळत नाहीत तेव्हा मी अजूनही, त्यातलं कोण चुकतंय, हेच पाहत राहते.

असेंबल केलेल्या मशीनमधले भाग एकमेकांना कधी भेटलेले नसतात. रॅम एका देशातली, बोर्ड दुसऱ्या देशातला, पॉवर सप्लाय तिसऱ्या. या परक्यांना एका खोक्यात एकत्र आणता येतं, याचं पुष्कळसं श्रेय त्या छोट्या चिपमधल्या मजकुराला आहे. त्याला बायोस म्हणायची रीत गॅरी किल्डॉलपासूनची, १९७०च्या दशकातल्या त्याच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमपासूनची. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याचे बहुतेक भाग बाजारात कुणालाही मिळण्यासारखे होते. आयबीएमचा खास असा होता तो बायोस. कंपनीने तो तांत्रिक पुस्तकात छापलाही होता. वाचायला सगळ्यांना मोकळा, पण नक्कल केली तर कोर्ट. तेव्हा टेक्सासमधल्या कॉम्पॅकने कामाची दोन तुकड्यांत वाटणी केली. एका तुकडीने आयबीएमचा मजकूर वाचला आणि तो काय काय करतो याचं फक्त वर्णन लिहिलं. दुसऱ्या तुकडीत मूळ मजकुराकडे कधीही न पाहिलेलीच माणसं होती. त्यांनी त्या वर्णनावरून सगळं नव्याने रचलं. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये कॉम्पॅकने आपलं मशीन जाहीर केलं. पुढे फीनिक्ससारख्या कंपन्या असा बायोस कुणालाही विकू लागल्या, आणि कुठल्याही गल्लीतला माणूस सुटे भाग जोडून कॉम्प्युटर उभा करू शकेल, असं जग सुरू झालं. आमच्या पोराच्या टेबलावरचं खोकं त्या दोन तुकड्यांच्या मधल्या भिंतीचं देणं लागतं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो पेस्ट पुसत होता. म्हणाला, "म्हणजे त्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून जमलं?" मला असं मांडता आलं नसतं.

मी सुटे भाग घ्यायला लागले तेव्हा ओळख करून देणं हे माणसाचं काम होतं. नव्वदच्या दशकात ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला जायचं. त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पिशवी घेऊन निघालेलं कुणी ते नाव घेत नसे. सॉकेट ७ च्या बोर्डावर इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के६ बसे आणि सायरिक्सचाही. बोर्डाबरोबर पातळ पुस्तिका यायची. तिच्यातला तक्ता बघून जंपरच्या काळ्या टोप्या चिमट्याने पिनांवर चढवायच्या : बस ६६, गुणक ३, म्हणजे २०० मेगाहर्ट्झ. एमएमएक्स असेल तर २.८ व्होल्ट, साधा असेल तर ३.३. कोण आलंय हे आपण बोर्डाला बोटांनी सांगायचो. सांगण्यात चूक झाली तर नवा प्रोसेसर जळायचा, म्हणून शेजारी बसलेला दुसरा माणूस तक्ता मोठ्याने वाचायचा. आणि मशीन उत्तर द्यायचं. कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर असायचा. एक आखूड बीप म्हणजे ठीक चाललंय. बऱ्याच बोर्डांवर एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाकडे बघा. चांगले दुरुस्तीवाले डोळे मिटून बीप ऐकायचे. आता नव्या कॅबिनेटांबरोबर स्पीकर बहुधा येत नाही. दिवे आहेत, पण दिव्याकडे वाकून बघावं लागतं. आवाज दुसऱ्या खोलीतूनही हाक मारतो.

काही बोर्डांना पेनड्राइव्ह लावून, प्रोसेसर नसतानाही बायोस बदलायचं बटण असतं. या बोर्डाला नव्हतं. म्हणजे कोडं असं, की नव्याला ओळख हवी आणि ओळख लिहून घेण्यासाठी मशीन सुरू व्हायला हवं. मशीन सुरू करू शकेल तो जुना, आणि जुना विकला गेलेला. हे कोडं इतकं ठरावीक आहे, की २०१८ मध्ये एएमडीने स्वतःच अशा गिऱ्हाइकांना एक साधा जुना प्रोसेसर उसना पाठवायची सोय केली होती. काम झालं की परत करायचा.

आम्ही पुण्याच्या बुधवार पेठेत गेलो. तपकीर गल्लीच्या आसपास वरच्या मजल्यावर एक दुरुस्तीवाले बसतात. पंखे, वायरी, उघडे बोर्ड, टेबलावर भिंगाचा दिवा. त्यांनी काही न विचारता बोर्ड तिरका धरून त्यावरचं लेबल वाचलं. "सतराचा बोर्ड. नवा टाकलात ना? अपडेट नाही झालेला." खणातून प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्या काढल्या. प्रत्येकीत एकेक जुना प्रोसेसर, कडा घासलेल्या, अक्षरं पुसट. भाच्याने विचारलं, "दादा, हे विकायचे का?" "नाही रे. हे अपडेटपुरते. कुणी विकायला आणलं की पिढीचा एकेक ठेवून घेतो." त्यांच्याकडे चिपच्या आठ पायांना चिमटा लावून थेट मजकूर लिहायचं यंत्रही होतं, पण ते म्हणाले, जुना मिळत असेल तर त्याच्याकडूनच करून घ्यावं, बोर्डाला कमी त्रास.

जुना बसवला आणि डिस्प्ले आला. त्यांनी मशीन यूपीएसवर घेतलं, कारण या कामाच्या मध्यात वीज गेली तर चिपमध्ये अर्धा मजकूर राहतो आणि मग जुनाही ओळखू येत नाही. थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी चालत नव्हती. आधी एक मधली, मग शेवटची. पट्टी सरकत असताना मी त्यांना विचारलं, इतक्या साऱ्या प्रोसेसरांची माहिती या एवढ्याशा चिपमध्ये मावते कशी. "मावत नाही," ते म्हणाले.

खरंच मावत नाही. यातल्या बऱ्याच बोर्डांवर १६ एमबीची चिप आहे. सॉकेट इतकी वर्षं टिकेल आणि त्यावर इतक्या पिढ्या येतील, हे चिप निवडताना बहुधा कुणाच्या हिशोबात नसावं. रायझनची ५००० मालिका २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आली आणि या पहिल्या पिढीच्या बोर्डांना तिची अधिकृत मुभा मिळाली २०२२ मध्ये. सॉकेट टिकला ही चांगली गोष्ट, बोर्ड फेकावे लागले नाहीत. पण नव्यांना जागा करायला काही कंपन्यांनी मेनूतली चित्रं काढली, रंगीत पडदे साधे केले, आणि काही बोर्डांवर तर सगळ्यात जुन्या प्रोसेसरांच्या सूचनाच गाळल्या. अशी आवृत्ती चढवली की जो प्रोसेसर त्या बोर्डावर सुरुवातीला बसला होता, त्यालाच बोर्ड ओळखेनासा होतो. हे वाचून कळलेलं आहे, पण मनातून जात नाही. यादी लिहिणाऱ्या कुणा इंजिनियरला एक दिवस बसून ठरवावं लागलं असेल, कोणाला काढायचं. बाइट मोजून.

दुरुस्तीवाल्यांनी आपला प्रोसेसर डबीत ठेवला, ५६०० बसवला, नवी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी लावली. बटण दाबलं. पडदा पुन्हा काळा. भाचा माझ्याकडे पाहू लागला. "थांब जरा," ते म्हणाले, "रॅमशी जमवून घेतोय." मशीन आपणहून बंद झालं, परत सुरू झालं. दिवे सीपीयूवरून डीरॅमवर गेले, तिथे रेंगाळले, पुढे सरकले. आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा एक परिच्छेद उमटला.

मी इतकी मशिनं उघडली आहेत, पण हा मजकूर दर वेळी लक्ष देऊन वाचते. नवा प्रोसेसर बसवलेला दिसतो, असं त्यात म्हटलेलं असतं. आधीच्या प्रोसेसरशी बांधलेल्या सुरक्षेच्या किल्ल्या आहेत, त्यांचं काय करायचं? वाय दाबलं तर त्या पुसल्या जातील, आणि डिस्कला कुलूप असेल तर ते रिकव्हरी कीशिवाय उघडणार नाही. एन दाबलं तर जुनी नोंद तशीच राहील. नव्याला त्या सुरक्षेच्या सोयी मिळणार नाहीत, पण जुना परत बसवायची वेळ आली तर किल्ल्या सापडतील.

भाच्याचं बोट वायवर होतं. मग त्याने ते उचललं.

"मावशी, डिस्कला कुलूप घातलं होतं का मी?"

"तुलाच माहीत. आईच्या फोटोंच्या फोल्डरचं काय केलं होतंस?"

तो आठवू लागला. दुरुस्तीवाल्यांनी पुढचं मशीन टेबलावर घेतलं. घाई नव्हती, तो पडदा उत्तर मिळेपर्यंत कितीही वेळ थांबतो.